एक पॉवर मीटर, दोन सायकली आणि फुकटचे साडेचार टक्के

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी माझ्या हाती एक झकास निष्कर्ष लागला होता. सायकलपटू एकच, पॉवर मीटर एकच, सायकली मात्र दोन. एक नेहमीची रोड बाइक आणि दुसरी टाइम ट्रायलची, म्हणजे पुढे वाकून, कोपर टेकवून चालवायची. हृदयाचे ठोके दोन्हीकडे साधारण सारखे असताना टाइम ट्रायलच्या सायकलवर सुमारे साडेचार टक्के जास्त वॅट दिसत होते. मी आलेख काढला, रंग भरले, प्रगती अहवालात एक अख्खं पान त्यावर खर्च केलं आणि गाइड मॅडमच्या टेबलावर ठेवलं.

मॅडमनी आलेख पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "दोन्ही सायकलींच्या क्रँकची लांबी मोजलीस का?"

मोजली नव्हती. जाऊन मोजली. रोड बाइकची क्रँक १७२.५ मिमी, टाइम ट्रायलची १६५ मिमी. पॉवर मीटर पेडलमधला होता आणि त्याला मी पहिल्याच दिवशी १७२.५ हा आकडा सांगून ठेवला होता. दुसऱ्या सायकलवर पेडल बसवताना तो बदलायचा राहिला. १७२.५ ला १६५ ने भागा. उत्तर येतं १.०४५. माझा निष्कर्ष म्हणजे हा भागाकार होता, बाकी काही नाही.

तुमच्यापैकी बरेच जण आत्ता पेट देऊन किंवा नेट-सेट होऊन सिनॉप्सिस लिहायच्या तयारीत असाल. अशा वेळी "सेटिंग तपासत जा" एवढा उपदेश करून हा लेख संपवता आला असता. पण नंतर मला एका गोष्टीने जास्त छळलं. हीच चूक मी १९९० साली केली असती का? उत्तर आहे, नाही. त्या काळच्या पॉवर मीटरवर ही चूक करणं शक्यच नव्हतं. त्यावर वेगळ्या चुका व्हायच्या. म्हणजे उपकरण बदलतं तशी चुकायची जागाही बदलते. ती कशी बदलत गेली, हे समजलं की एक पॉवर मीटर अनेक सायकलींवर कसा लावायचा हेही आपोआप समजतं. म्हणून आज थोडा इतिहास.

माणूस उपकरणाकडे जायचा तेव्हा

यंत्राची शक्ती मोजायची जुनी रीत म्हणजे त्याला ब्रेक लावायचा आणि ब्रेक किती जोराने ओढला जातो ते पाहायचं. फ्रेंच अभियंते गास्पार द प्रोनी यांनी १८२१ मध्ये असा ब्रेक मांडला. फिरणाऱ्या चाकाला घर्षणाने अडवायचं, दांड्याला वजन टांगून तोल साधायचा, आणि वजन गुणिले दांड्याची लांबी म्हणजे टॉर्क. टॉर्कला फिरण्याच्या वेगाने गुणलं की शक्ती. हे सूत्र लक्षात ठेवा, कारण पुढच्या दोनशे वर्षांत ते बदललेलं नाही. टॉर्क कुठे आणि कसा मोजायचा, एवढंच बदलत गेलं.

माणसाच्या बाबतीत हाच ब्रेक सायकलला लागला. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोग यांनी १९१३ मध्ये विद्युतचुंबकाने ब्रेक लागणारा सायकल एर्गोमीटर प्रसिद्ध केला. (क्रोग यांना १९२० चं नोबेल मिळालं ते केशवाहिन्यांच्या कामासाठी, सायकलसाठी नव्हे.) पुढे १९५४ मध्ये स्वीडनच्या फॉन डोबेल्न यांनी अगदी साधा एर्गोमीटर मांडला. चाकाभोवती पट्टा, पट्ट्याचा ताण दाखवणारा लंबक, बस. आपल्याकडच्या कितीतरी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रयोगशाळांत याच पद्धतीच्या सायकली दिसतात.

या एर्गोमीटरचा एक गुण आपण सहज विसरतो. तो जागचा हलत नाही. तपासायचा झाला तर पट्टा सोडवा, माहीत असलेलं वजन टांगा, लंबक बरोबर खुणेवर येतो का पाहा. ज्याची शक्ती मोजायची तो माणूस स्वतः उपकरणाकडे येतो. दहा माणसं आली तरी उपकरण तेच, खोली तीच, शून्य तेच. "दुसऱ्या सायकलवर लावलं तर?" हा प्रश्नच उद्भवत नाही. त्याची किंमतही आहे. त्या सायकलला ना वारा, ना चढ, ना खड्डे. माणूस रस्त्यावर काय करतो ते एर्गोमीटर सांगू शकत नाही.

एक तार, जरा ताणलेली

उपकरण रस्त्यावर न्यायचं तर ब्रेक चालणार नाही. ब्रेक लावून सायकल कशी चालवणार? काही न अडवता टॉर्क कळायला हवा. त्याची किल्ली सायकलच्या जगाबाहेर सापडली.

विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ मध्ये दाखवलं की धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो. बदल अगदी बारीक असतो, पण व्हीट्स्टन ब्रिजने मोजता येतो. ऐंशीएक वर्षं हे ज्ञान बव्हंशी पुस्तकात राहिलं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दोन जणांनी स्वतंत्रपणे एकच युक्ती केली. कॅलटेकमध्ये एडवर्ड सिमन्स आणि एमआयटीमध्ये आर्थर रूगी. बारीक तार थेट वस्तूच्या पृष्ठभागावर चिकटवायची. वस्तू ताणली की तारही ताणली जाते. रूगी त्या वेळी भूकंपात पाण्याच्या उंच टाक्यांचं काय होतं यावर काम करत होते आणि टाकीच्या छोट्या प्रतिकृतीवरचा ताण त्यांना मोजायचा होता. हाच स्ट्रेन गेज. यातून फारसा व्यावसायिक फायदा होईल असं संस्थेला वाटलं नाही, म्हणून हक्क रूगींकडेच राहिले. आज तुमच्या वाण्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यातसुद्धा स्ट्रेन गेज आहे.

इथे जरा थांबा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. स्ट्रेन गेज वॅट मोजत नाही. टॉर्कही मोजत नाही. तो मोजतो रोधातला बदल. रोधावरून ताण, ताणावरून बल, बलावरून टॉर्क, टॉर्क आणि वेगावरून वॅट. ही अनुमानांची साखळी आहे आणि प्रत्येक कडीत कुणीतरी काहीतरी गृहीत धरलेलं आहे. सायकल बदलली की यातली नेमकी कोणती कडी बदलते, हाच खरा प्रश्न.

१९८६ : उपकरण सायकलवर बसलं

जर्मन अभियंते उलरिश शोबेरर यांनी १९८६ मध्ये क्रँकमध्ये बसणारा पॉवर मीटर तयार केला. त्यांच्या नावावरूनच कंपनीचं नाव पडलं, एसआरएम. क्रँक आणि चेनरिंग यांना जोडणारा जो तारेसारखा पंजा असतो त्याला सायकलवाले स्पायडर म्हणतात. पाय दाबला की सगळा जोर या स्पायडरमधून चेनकडे जातो आणि जाताना स्पायडरला किंचित पीळ पडतो. स्ट्रेन गेज तिथे चिकटवले. पुढे ग्रेग लेमाँडसारख्या व्यावसायिक सायकलपटूंनी तो वापरला आणि प्रयोगशाळेचा आकडा रस्त्यावर आला.

एसआरएमचं गणित फार स्वच्छ होतं, आणि मी नवख्यांना पॉवर मीटर समजावताना अजूनही तिथूनच सुरू करते. उपकरण हर्ट्झमध्ये एक वारंवारता पाठवतं. ती टॉर्कमध्ये बदलायला दोनच आकडे लागतात. एक झिरो ऑफसेट, म्हणजे पेडलवर काहीच भार नसताना येणारी वारंवारता. दुसरा स्लोप, म्हणजे एक न्यूटन-मीटरला वारंवारता किती हर्ट्झने वाढते.

उदाहरण घेऊ. समजा झिरो ५०० हर्ट्झ आणि स्लोप २५. चालवताना सरासरी १,२५० हर्ट्झ आले. १,२५० वजा ५०० म्हणजे ७५०. भागिले २५ म्हणजे ३० न्यूटन-मीटर. मिनिटाला ९० फेरे असतील तर सुमारे २८३ वॅट.

आता ऊन वाढलं, धातू तापला आणि खरा झिरो ५१० वर सरकला, पण तुम्ही जुनाच ५०० धरून बसलात. प्रत्येक वाचनात १० हर्ट्झ, म्हणजे ०.४ न्यूटन-मीटर, म्हणजे ९० फेऱ्यांना जवळपास ४ वॅट फुकटचे जमा होतात. हे ४ वॅट १०० वॅटलाही तेवढेच आणि ३०० वॅटलाही तेवढेच. स्लोप चुकला तर मात्र चूक टक्क्यांत येते. २ टक्के चुकला तर १०० ला २ वॅट, ३०० ला ६ वॅट. दोन चुका, दोन वेगळे चेहरे. आणि एक महत्त्वाची गोष्ट: झिरो पुन्हा घेतल्याने स्लोपची चूक दुरुस्त होत नाही. सायकलच्या कॉम्प्युटरवर "कॅलिब्रेट" नावाचं जे बटण असतं ते बहुतेक वेळा फक्त झिरो घेतं. ते दाबलं म्हणजे उपकरण तपासून झालं, असं समजणारे सीनियरही मी पाहिले आहेत.

आता आपल्या प्रश्नाकडे. हा पॉवर मीटर दुसऱ्या सायकलवर न्यायचा तर? टॉर्क थेट स्पायडरमध्ये मोजला जातो, त्यामुळे क्रँकची लांबी विचारायची गरजच नाही. शिवाय क्रँक उपकरणाबरोबरच जाते. माझी चूक १९९० मध्ये अशक्य होती ती यामुळे. पण क्रँक काढायची म्हणजे हत्यारं हवीत, चेन उतरवायला हवी, आणि दोन्ही सायकलींच्या बॉटम ब्रॅकेटमध्ये तो अ‍ॅक्सल बसायला हवा. पुढे तर अ‍ॅक्सलच दोन तऱ्हांचे झाले, काही २४ मिमीचे, काही ३० मिमीचे. शिवाय सुरुवातीच्या काळात सिग्नल वायरीतून यायचा, म्हणजे प्रत्येक सायकलवर वायरिंग वेगळं. हे शक्य होतं, पण रोज कोण करणार? बहुतेकांचा पॉवर मीटर एकाच सायकलवर राहिला.

चाक बदला, म्हणजे झालं

१९९० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत पॉवरटॅप आला. यात मोजणी मागच्या चाकाच्या हबमध्ये. दुसऱ्या सायकलवर न्यायचं तर मागचं चाक काढून तिकडे लावायचं. पंक्चर काढता येणाऱ्या कुणालाही जमेल असं काम. अनेक सायकलींचा प्रश्न सुटल्यासारखा वाटला.

पण मोजायची जागा सरकली होती. क्रँकपाशी जेवढी शक्ती दिली जाते त्यातली थोडी चेन आणि दातऱ्यांच्या घर्षणात जाते, आणि उरलेली हबपर्यंत पोचते. हा फरक साधारण दोन-चार टक्क्यांचा असतो. म्हणजे एसआरएम २८३ म्हणेल तिथे पॉवरटॅप २७५ म्हणेल, आणि दोघंही खरं बोलत असतील. शिवाय चेन आता दर सायकलची वेगळी. एका सायकलची चेन धुऊन तेल दिलेली, दुसरीची पावसाळ्यापासून तशीच. चाक तेच, तरी पायाने दिलेल्या शक्तीशी त्या आकड्याचं नातं बदललं. वर चाक दोन्ही सायकलींत बसलं पाहिजे, मागचे दात सारखे हवेत, आणि डिस्क ब्रेक आल्यावर तर चाकांचे अ‍ॅक्सलही बदलले.

२००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी या दोन्ही जातींचे बरेच पॉवर मीटर एका यांत्रिक रिगवर तपासले. एसआरएमची सरासरी चूक २.३ टक्के जास्त, पण एकेका उपकरणातला विखुरलेपणा ४.९ टक्के. पॉवरटॅपची सरासरी २.५ टक्के कमी, विखुरलेपणा मात्र फक्त ०.५ टक्के. हे दोन आकडे नीट वाचायला शिका, कारण अख्खा संख्याशास्त्राचा पेपर यात आहे. पॉवरटॅप सगळे मिळून एकाच बाजूला, जवळपास सारखेच कमी दाखवत होते. एसआरएम मात्र कारखान्यातून आले तसे वापरले तर एकमेकांशीच पटत नव्हते. ज्याचा स्लोप वजन टांगून पुन्हा काढता येतो तो पॉवर मीटर अचूक होऊ शकतो, पण ते काम कुणीतरी करावं लागतं.

वायर गेली, मग अर्धा पायही गेला

यानंतर वायरलेसचं युग आलं. एएनटी प्लस नावाच्या रेडिओ पद्धतीमुळे प्रत्येक सेन्सरला स्वतःचा आयडी क्रमांक मिळाला आणि हँडलवरचा कॉम्प्युटर तो क्रमांक ओळखू लागला. वायरिंगची कटकट संपली. एक कॉम्प्युटर पाच सायकलींवर चालू लागला. सोबत एक नवी चूकही आली, शेजारी उभ्या सायकलच्या सेन्सरशी जोडी जमवायची. दोन सायकली एकाच खोलीत असतील तर आयडी क्रमांक वाचून खात्री करा, नुसतं "सेन्सर सापडला" यावर जाऊ नका.

२०१२ मध्ये स्टेजेस या अमेरिकन कंपनीने पॉवर मीटर स्वस्त आणि सुटसुटीत केला. फक्त डावी क्रँक बदलायची. डाव्या पायाची शक्ती मोजायची आणि दुप्पट करायची. त्याच जातीची क्रँक असलेल्या दोन सायकली असतील तर एक डावी क्रँक काढून दुसरीकडे लावायला दहा मिनिटं पुरतात. पण डावा आणि उजवा पाय सारखा जोर लावतात हे गृहीत धरलं गेलं. डाव्या पायाने ४८ टक्के दिले तर शंभराचे ९६ दिसणार. एकाच सायकलवर रोज तेवढंच कमी दिसत असेल तर प्रशिक्षणाला फार बाधा नाही. पण बसण्याची ढब बदलली, खोगिराची उंची बदलली, सायकलच बदलली, तर डाव्या-उजव्याची वाटणीही बदलू शकते. मग फरक माणसाचा की गृहीतकाचा, हे त्या उपकरणाला कळत नाही आणि तुम्हालाही कळणार नाही.

पेडल : सगळ्यात सोपं, म्हणून सगळ्यात जास्त प्रश्न

२०१३ मध्ये गार्मिनचा व्हेक्टर बाजारात आला. स्ट्रेन गेज थेट पेडलच्या अ‍ॅक्सलमध्ये. त्यामागची युक्ती मला फार आवडते. बॉटम ब्रॅकेटचे प्रकार बदलले, हब बदलले, ब्रेक बदलले, पण पेडलचा आटा जवळपास सगळ्या चांगल्या सायकलींवर एकच राहिला: ९/१६ इंच व्यास, इंचाला २० आटे, डावीकडे उलटा आटा. ज्या जागी सगळ्यांचं आधीच एकमत आहे तिथे उपकरण बसवलं. त्यामुळे अनेक सायकलींसाठी पेडलइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पण पेडलला फक्त बल कळतं. टॉर्क हवा असेल तर बलाला क्रँकच्या लांबीने गुणावं लागतं आणि ती लांबी पेडलला कुणीतरी सांगावी लागते. पहिल्या व्हेक्टरला आणखी दोन गोष्टी लागायच्या. अ‍ॅक्सल किती घट्ट बसवायचा ते ठरलेलं होतं, ३४ ते ४० न्यूटन-मीटर, म्हणजे टॉर्क रेंच हवाच. आणि आटा नेमका कुठे येऊन थांबला त्यावर गेजची दिशा ठरते, म्हणून दर वेळी पेडल काढून लावलं की थोडं चालवून त्याला तो कोन शिकवावा लागायचा. नंतरच्या काही पेडलांत कोनाचं काम आपोआप होऊ लागलं. क्रँकची लांबी मात्र अजूनही आपणच सांगायची.

आता मागे वळून ही सगळी वाट पाहा. एर्गोमीटर हलत नव्हता, त्याची सगळी गृहीतकं प्रयोगशाळेत होती. एसआरएम हलला तेव्हा क्रँकसकट हलला. हब चाकासकट हलला, पण चेन मागे राहिली. डाव्या क्रँकने उजवा पाय गृहीत धरला. पेडल एकटंच हललं आणि क्रँकची लांबी मागे सोडून गेलं. उपकरण जितकं सुटसुटीत होत गेलं, तितका त्याच्या गणिताचा एकेक तुकडा कारखान्यातून आपल्या हातात आला. कंपनीने काही लपवलं नव्हतं, पुस्तिकेत सगळं लिहिलेलं होतं. मी सोय घेतली आणि तिच्याबरोबर आलेली जबाबदारी वाचली नाही.

मग दोन पॉवर मीटर घ्यावेत का?

हा प्रश्न मला हमखास विचारतात. पैसे असतील तर प्रत्येक सायकलला वेगळा मीटर, ही कटकटच नको.

२०१७ मध्ये थॉमस मायर आणि त्यांच्या स्विस सहकाऱ्यांनी सायकलपटू प्रत्यक्षात वापरत असलेले ९ कंपन्यांचे ५४ पॉवर मीटर ट्रेडमिलवर तपासले. ट्रेडमिलचा चढ, वेग आणि वजन माहीत असलं की लागणारी शक्ती भौतिकशास्त्राने काढता येते, तिच्याशी तुलना केली. सरासरी फरक उणे ०.९ टक्के, म्हणजे उत्तम. पण एकेका उपकरणाचा विखुरलेपणा ३.२ टक्के, आणि ६ मीटर तर ५ टक्क्यांपेक्षा जास्त चुकत होते. एकाच मीटरच्या वाचनांमधला चढउतार मात्र सरासरी १.२ टक्क्यांचा.

याचा अर्थ लावा. एक मीटर स्वतःशी बऱ्यापैकी सुसंगत असतो. दोन मीटर एकमेकांशी सुसंगत असतीलच असं नाही. एकाचा ३ टक्के वर आणि दुसऱ्याचा ३ टक्के खाली असेल तर दोन सायकलींमध्ये ६ टक्क्यांचा फरक माणसाने काहीही न करता दिसेल. म्हणून सायकलींची तुलना हाच प्रश्न असेल, तर एकच मीटर इकडून तिकडे नेणं जास्त भरवशाचं. अट एवढीच की हलवताना गणिताचा एकही तुकडा मागे राहू नये. दोन मीटर घेतलेच, तर आधी दोन्ही एकाच सायकलवर एकाच वेळी लावून (पेडल एका जातीचं, हब दुसऱ्या जातीचा) त्यांच्यातला फरक लिहून ठेवा.

आता प्रत्यक्ष

माझ्या लॉगबुकात आता सायकल बदलताना हे एवढं असतं. प्रत्येक मुद्द्यामागे वरच्या इतिहासातली एकेक चूक आहे.

१. क्रँकची लांबी क्रँकच्या मागच्या बाजूला कोरलेली असते. ती डोळ्यांनी वाचायची आणि मीटरमध्ये घालायची. कॉम्प्युटरवर सायकलचं नाव बदललं म्हणून लांबी आपोआप बदलेलच असं नाही. १७० च्या जागी १७२.५ राहिलं तर दीड टक्का, १६५ च्या जागी १७५ राहिलं तर सहा टक्के.

२. आटा पुसून, ग्रीस लावून, दर वेळी टॉर्क रेंचने तेवढाच घट्ट. "हाताला बरोबर वाटलं" हे मोजमाप नाही.

३. बसवल्यावर चार-पाच जोरदार स्प्रिंट मारायचे म्हणजे आटा आपल्या जागी बसतो. झिरो त्यानंतर घ्यायचा.

४. झिरो घेण्याआधी सायकल बाहेरच्या हवेत पंधरा-वीस मिनिटं ठेवायची. एसीतून थेट एप्रिलच्या उन्हात आणून घेतलेला झिरो अर्ध्या तासात जुना होतो. पाय पेडलवर ठेवायचा नाही, सायकल सरळ उभी.

५. झिरो घेतल्यावर जो आकडा दिसतो तो लिहायचा. नुसतं "झिरो केला" असं नाही. एका सायकलवर रोज एकाच टापूत येणारा आकडा दुसरीवर भलतीकडे गेला, तर पेडल नीट बसलेलं नाही हे तो आधीच सांगतो.

६. चेनरिंग गोल आहे की अंडाकृती, ते नोंदवायचं. बरेच मीटर एका फेरीत क्रँकचा वेग सारखा धरतात. अंडाकृती चेनरिंगवर तो सारखा नसतो आणि आकडा थोडा फुगतो.

७. महिन्यातून एकदा वजन टांगायचं. क्रँक आडवी, माहीत असलेलं वजन पेडलच्या अ‍ॅक्सलवर, आणि मीटर टॉर्क दाखवत असेल तर तो वाचायचा. २० किलो, १७२.५ मिमी, म्हणजे सुमारे ३३.८ न्यूटन-मीटर यायला हवेत. फिजिक्सवाल्यांसाठी एक गंमत: हा आकडा ९.८१ ने काढला आहे. पुण्यात गुरुत्वीय त्वरण ९.७८ च्या आसपास आहे. फरक ०.३ टक्के. तुमच्या दाव्याच्या तुलनेत तो क्षुल्लक आहे की नाही, ते तुम्ही ठरवा आणि लिहा.

शेवटचा मुद्दा यादीत बसत नाही. तुलना करायचीच असेल तर पहिली सायकल, दुसरी सायकल आणि पुन्हा पहिली, अशा क्रमाने मोजा. परत पहिलीवर आल्यावर जुनाच आकडा आला, तरच मधल्या फरकावर बोलायचा अधिकार तुम्हाला मिळतो. मी हे केलं असतं तरी माझी क्रँकची चूक सापडली नसती, कारण पहिलीवर परतल्यावर १७२.५ पुन्हा बरोबरच ठरला असता. म्हणून यादी आणि हा क्रम, दोन्ही लागतात. एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

लांबी दुरुस्त केल्यावर माझा साडेचार टक्क्यांचा फरक मीटरच्या स्वतःच्या चढउतारात विरून गेला. अहवालातलं ते पान मी काढून टाकणार होते. मॅडम म्हणाल्या, "काढू नकोस. चूक आणि दुरुस्ती दोन्ही परिशिष्टात घाल. उद्या तुझाच ज्युनियर हे पेडल घेऊन जाणार आहे."

तसंच केलं. पेडलच्या डबीवर आता मार्करने लिहिलेलं आहे, "क्रँक किती?" गेल्या आठवड्यात ज्युनियरने डबी उचलली, ते वाचलं आणि काही न बोलता सायकलशेजारी वाकून आकडा बघायला गेला. तुमचं उपकरण सायकलचं नसेल, स्पेक्ट्रोमीटर असेल, सेंट्रिफ्यूज असेल, प्रश्नावली असेल. ती डबी तुमच्याकडेही आहे. तिच्यावर काय लिहायचं ते सिनॉप्सिस लिहितानाच ठरवून ठेवा.